डिफरन्स मॅडम

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ आली, "साळवे मॅडम एक्सपायर्ड." खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. फोन हातात धरून मी बसून राहिलो. दुःख व्हायच्या आधी मला धास्तीच वाटली. बाईंनी हे वाचलं असतं तर लिहिणाऱ्याची धडगत नव्हती.

कारण याच शब्दावरून त्यांनी एकदा हेडसरांना भर शोकसभेत थांबवलं होतं. शाळेचे शिपाई गणपतदादा वारले होते. हेडसर सुरात आले होते, "आपले लाडके गणपतदादा काल एक्सपायर झाले." साळवे मॅडम मागच्या रांगेतून उठल्या.

"सर, गोळी एक्सपायर होते. लायसन एक्सपायर होतं. त्यांच्यावर तारीख छापलेली असते. माणूस मरतो. इंग्रजीतच म्हणायचं तर डाइड म्हणा. जन्मभर घंटा दिली त्यांनी इथं. त्यांच्या मरणाला भिऊन शब्द कशाला बदलून राह्यले?"

सभा गार पडली. गणपतदादांची बायको तोंडाला पदर लावून पुढं बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या माणसाच्या बाजूनं कुणीतरी उठलंय एवढं तिला बराबर कळलं. त्यानंतर दर संक्रांतीला ती मॅडमच्या घरी तिळगूळ घेऊन जायची.

मी ग्रुपवर लिहिलं, "साळवे मॅडम वारल्या." मग फोन बाजूला ठेवला.

मंठ्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि कुसुम साळवे इंग्रजी. शाळा अनुदानाची, संस्था एका घराण्याची. तालुक्यात अशा शाळा असतात तशीच. पगार सरकारचा आणि मर्जी अध्यक्षांची. या मर्जीच्या हवेत आम्ही सगळे जरा वाकून चालायचो. मॅडम चालायच्या त्या सरळ, आणि त्याही बुटात. उंच, सावळ्या, सडपातळ बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, उजव्या मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ आणि साडीखाली काळे लेसवाले बूट. पोरं पहिल्या वर्षी हसली. एका शिक्षिकेनं विचारलंसुद्धा, "मॅडम, चप्पल का नाही घालत?"

"चप्पल घालून पळता येत न्हाई."

"पण पळायचंय कुठं?"

"कुठंच न्हाई. पण हिला पळता येत न्हाई, असं कुणी समजू नये."

इंग्रजीची शिक्षिका म्हटलं की लोकांना एक विशिष्ट बोलणं अपेक्षित असतं. मॅडमची मराठी मात्र अस्सल जालन्याची, न्हाई आणि मंग आणि राह्यलेवाली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर हलकंसं बोट ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "साहेब, इंग्रजी मी शिकले. मराठी मला आईनं दिली. शिकलेली वस्तू सुधारता येते. आईनं दिलेली मी बदलत न्हाई." साहेबांनी पुढचा प्रश्न वर्गाला विचारला.

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं डिफरन्स मॅडम. दिसायला जवळचे दोन इंग्रजी शब्द त्यांना दिसले की त्या उजव्या हाताची दोन बोटं जोडून वर करायच्या. मग ती सावकाश फाकवायच्या. "दिसतंय का मधून काही?" असं विचारायच्या. त्या फटीतून बघायला पोरं खरंच माना वाकड्या करायची.

त्यांचं शिकवणं मी शेजारच्या वर्गातून ऐकायचो. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत अर्धीच होती, वर पत्रा. माझा तास कधी कधी बाजूला राहायचा. एकदा एका मुलीनं निबंधात लिहिलं की बसस्टँडवर माझा मोबाईल रॉब झाला. मॅडमनी तिला उभं केलं.

"मोबाईल रॉब होत न्हाई. मोबाईल स्टील होतो. रॉब झाली ती तू."

"पण बाई, गेला तर मोबाईलच ना?"

"स्टीलच्या पुढं वस्तू येते, रॉबच्या पुढं माणूस येतो. एवढाच फरक आहे, पण लक्षात ठेव. तू ठाण्यात जाशील, तिथं विचारतील, रंग कोणता, कंपनी कोणती, नंबर सांग. सगळं मोबाईलबद्दल. तुझ्याबद्दल कुणी विचारणार न्हाई. म्हणून तूच पहिलं वाक्य म्हणायचं, आय वॉज रॉब्ड. आधी मी. मंग मोबाईल."

त्या दिवशी माझ्या वर्गात कर्मणी प्रयोग होता. मी तो तसाच अर्धा सोडला. त्याहून चांगला मला शिकवता येणार नव्हता.

स्टाफरूममध्ये त्यांच्याशी बोलताना माणसं इंग्रजी शब्द जपून वापरायची. पण सवय कुठं जाते. नव्या वेळापत्रकात मॅडमना रोजचा शेवटचा तास आला, तोही पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं एप्रिलमध्ये बसणं म्हणजे भट्टीत बसणं. त्या विचारायला गेल्या तेव्हा हेडसर म्हणाले, "मॅडम, थोडं अॅडजस्ट करा ना."

"अॅडजस्ट म्हंजे बाकावर सरकून दुसऱ्याला जागा द्यायची. मी सरकते, तुम्ही पण सरकता. तुम्ही तर मला बाकावरून उतर म्हणून राह्यले. त्याला सरेंडर म्हणतात. ते मी करत न्हाई."

हेडसर स्वभावानं वाईट नव्हते. चष्मा पुसत ते वेळापत्रकाकडे बघत बसले. पुढच्या आठवड्यात शेडमधले तास सगळ्यांत वाटले गेले. एक माझ्याही वाट्याला आला, आणि तो मी कुरकुर न करता घेतला. कुरकुर करायला शब्द कोणता वापरावा हेच कळेना.

एवढा कीस कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. आम्ही परीक्षेच्या पेपर तपासणीला एसटीनं जालन्याला निघालो होतो. बाहेर कपाशीची शेवटची वेचणी, उलंगवाडी, झालेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मॅडम खिडकीतून बाहेर बघतच बोलल्या.

"आम्ही लहान होतो ना सर, तवा आमच्या वस्तीबद्दल सगळे अंदाजानंच बोलायचे. तिकडचे लोक. खालच्या अंगाचे. त्यातलीच एक पोरगी. नाव घ्यायची कुणाला गरजच पडायची न्हाई. दुकानदार पण अंदाजानंच वजन करायचा. मंग मला इंग्रजीच्या एका बाईंनी शिकवलं की सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांत पण फरक असतो. मला इतकं बरं वाटलं काय सांगू. जगात कुठं तरी बराबर बोलायची पद्धत आहे. अंदाजानं बोललेलं फिरून आमच्याच अंगावर येतं, सर. म्हणून मी अंदाज सोडला."

एवढंच. नंतर त्यांनी डबा काढला, ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

त्यांचा तो बराबरपणा शाळेबाहेर, दुसऱ्याच्या दाराशी कसा उभा राहायचा ते मी नव्या जालन्यात पाहिलं. त्यांच्या आईला दवाखान्यासाठी वरचेवर जालन्याला न्यावं लागायचं. मंठ्याहून ने-आण करून म्हातारी थकायची. मॅडमनी ठरवलं, जालन्यात घर घ्यायचं आणि आपण रोज एसटीनं जायचं-यायचं. माझी सासुरवाडी तिकडची, म्हणून मी सोबत गेलो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत एक वरचा मजला होता. दोन खोल्या, गच्ची, बाहेर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी. घरमालक निवृत्त अधिकारी, बोलायला अगदी गोड. त्यांनी खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, चहा मागवला. मॅडम कुठं नोकरीला, काय शिकवतात, सगळं कौतुकानं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, पूर्ण नाव काय तुमचं?"

"कुसुम भीमराव साळवे."

मालकांनी कपातली साखर ढवळली. ती मघाशीच विरघळली होती. आतल्या दारात त्यांची बायको उभी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, मी विसरलोच की. पुतण्याला शब्द दिलाय मी. म्हणजे तसं बघायला गेलं तर घर व्हेकंट नाही. पाटी काढायची राहूनच गेली."

मी उठायला लागलो. मॅडमनी मला हातानं बसवलं. चहा संपवला. सावकाश संपवला. मग म्हणाल्या, "काका, एम्प्टी म्हंजे आत कुणी न्हाई. व्हेकंट म्हंजे कुणी येऊन राहू शकतं. तुमचं घर एम्प्टी आहे, पण व्हेकंट न्हाई. तुम्ही बराबर शब्द वापरला. फक्त कारण खोटं सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. मला कळतं."

त्यांची बायको दारातून आत सरकली. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता बाई रडतील किंवा चिडतील. त्या गेटपाशी थांबल्या. पाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, ही पाटी उद्यापण इथंच असणार बघा." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. पाटी होती.

घर शेवटी जुन्या जालन्यात मिळालं, कापडाच्या ठोक दुकानावरच्या मजल्यावर. मालक राजस्थानातून कधीकाळी आलेल्या घराण्यातले शेठजी. त्यांनी नाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाले, "मॅडम, एक बात साफ बता देता हूँ, पाणी रोज येत नाही. आलं की जल्दी भरून ठेवायचं. बाकी तुमचं घर." मॅडम हसल्या. हे क्वचित व्हायचं. पुढं त्या शेठजींची नात त्यांच्याकडे इंग्रजीला बसायची, आणि मॅडमच्या आईला दवाखान्यात न्यायला दुकानासमोरचीच रिक्षा ठरलेली असायची.

पुढच्या आठवड्यात अर्ध्या भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "आज दोन शब्द. एम्प्टी आणि व्हेकंट." मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. नाव, गल्ली काही नाही, पण पाटी, चहा, पुतण्या, सगळं. आवाज कुठंही हलला नाही. वर्गातल्या काही पोरांच्या घरी पण अशा पाट्या असणार. काही पोरांच्या आईबापांनी अशा पाट्यांसमोर चहा प्यायलेला असणार. शेवटी त्या म्हणाल्या, "वाक्यात उपयोग करून आणा. दोन्ही शब्दांचा."

ज्या प्रसंगानं त्यांचं आमच्या शाळेतलं दाणापाणी उठलं, तोही असल्याच दोन शब्दांनी सुरू झाला.

शाळेत मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं होतं. पांढऱ्या फरशा, आरसा, नळ. उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुलूप लागलं. पोरी घाण करतात, पाहुणे आले की लाज जाते, असं कारण होतं. साहेब लोक येणार असले की कुलूप निघायचं, ते गेले की पुन्हा लागायचं. खेड्यांतून पहिल्या एसटीनं येणाऱ्या पोरी सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. प्रार्थनेला रांगेत एखादी भोवळ येऊन पडायची. मॅडमनी हेडसरांना सांगितलं, लिहून दिलं, पुन्हा सांगितलं. हेडसर म्हणायचे, किल्ली भाऊसाहेबांच्या माणसाकडं असते. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष.

त्या वर्षी जालन्याहून शिक्षण खात्याचे एक मोठे अधिकारी शाळेला भेट द्यायला आले. अचानकच आले, त्यामुळं कुलूप काढायचं राहून गेलं. सभागृहात सगळी शाळा बसवली. व्यासपीठावर अधिकारी, शेजारी भाऊसाहेब. इंग्रजीत संवाद साधायची अधिकाऱ्यांना हौस होती. त्यांनी दहावीच्या मुलींना विचारलं, काही अडचण आहे का. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी "नो सर" म्हटलं. पूजा नावाची एक मुलगी मात्र उभी राहिली. तिचे वडील दुसऱ्याचं ट्रॅक्टर चालवायचे, ती रोज आडगावाहून यायची. मान खाली, आवाज बारीक.

"येस सर. द गर्ल्स टॉयलेट इज क्लोज्ड."

अधिकारी हसून म्हणाले, बेटा, बंद असेल तर उघडायचं.

मग तिनं मान वर केली. "सॉरी सर. नॉट क्लोज्ड. लॉक्ड."

मॅडमनी हे दोन शब्द महिन्याभरापूर्वी शिकवले होते, मी भिंतीपलीकडून ऐकले होते. क्लोज्ड म्हणजे दार नुसतं लावलेलं, कुणीही ढकलावं. लॉक्ड म्हणजे किल्ली कुणाच्या तरी खिशात आहे.

अधिकाऱ्यांचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, "देन हू हॅज द की?"

पूजाला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. आधी हेडसरांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं, मग शिक्षकांनी, मग सगळ्या सभागृहानं. अधिकाऱ्यांनी सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडसरांच्या खोलीत आम्हाला बोलावणं आलं. मॅडमना बोलावलं होतं, आणि शिक्षक प्रतिनिधी म्हणून मला. भाऊसाहेब हेडसरांच्या खुर्चीत बसले होते, हेडसर बाजूच्या स्टुलावर. भाऊसाहेब आवाज चढवणारे नव्हते. त्यांना तशी सवय लागलीच नव्हती.

"पोरीनं संस्थेची बेइज्जती केली. सोमवारी प्रार्थनेला सगळ्यांसमोर माफी मागायची. इंग्रजीत बोलली ना, मंग इंग्रजीतच माफी. मॅडम, तुम्ही लिहून द्या. तुमचीच विद्यार्थिनी आहे. नसंल मागायची तर दाखला घेऊन जा म्हणावं."

मॅडम उभ्याच होत्या. "मी लिहून देणार न्हाई, साहेब."

"का? काल जे झालं ते झालं न्हाई का? तुम्ही डिनाय करताय?"

मॅडमचा उजवा हात वर आला. दोन बोटं जोडलेली.

"डिनाय म्हंजे घडलंच न्हाई म्हणायचं. ते मी म्हणत न्हाई. घडलं. पोरगी बोलली, सगळ्यांनी ऐकलं. मी रिफ्यूज करून राह्यले. रिफ्यूज म्हंजे सांगितलेलं काम करणार न्हाई. दोन्हीत फरक आहे." आणि बोटं फाकली.

मी मराठीचा माणूस. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्या भाषेत ह्या दोन्हीला नाकारणं हा एकच शब्द चालतो. आरोप नाकारला, आणि हुकूम नाकारला. इतकी वर्षं मी तो शिकवत होतो, पण त्यातला दुसरा अर्थ असा समोर उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

भाऊसाहेबांनी विचारलं, "ह्याचा परिणाम माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"बसा तरी मॅडम," हेडसर कळवळून म्हणाले.

"नको सर. माझं झालं बोलून."

माफीचा मजकूर हेडसरांनीच लिहिला. पूजाच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. वडील हात जोडून उभे होते, म्हणत होते, साहेब, लेकराला कळत न्हाई, मी माफी मागतो. आई दाराशी होती. तिनं एवढंच विचारलं, "माफी कशाची म्हणून? दिसभर पाण्याचा घोट घेत न्हाई पोरगी. संध्याकाळी घरी आली की पळत सुटते." वडिलांनी तिला गप्प केलं. दाखल्याच्या भीतीपुढं त्यांचं काही चालत नव्हतं.

मधल्या सुट्टीत पूजा तो कागद घेऊन मॅडमकडे आली. मी स्टाफरूममध्येच होतो. मला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही.

मॅडमनी कागद वाचला. "ह्यात आय अपॉलॉजाइज लिहिलंय. अपॉलॉजाइज म्हंजे चूक माझी. रिग्रेट म्हंजे झालं त्याचं मला वाईट वाटतं. आता मला सांग, तुला वाईट वाटतं का?"

पूजानं विचार केला. "वाटतं, बाई. भाऊसाहेबांनी लई लोकांत मान खाली घातली. माझ्या आज्याएवढे आहेत ते."

"मंग ते खरं आहे. चूक तुझी होती का?"

"न्हाई."

"मंग ते खरं न्हाई." मॅडमनी कागद तिला परत दिला. "वाच, नको वाचू, मी सांगणार न्हाई. तुझा दाखला आहे, तुझं वर्ष आहे. वाचलास तरी तू माझी तेवढीच लाडकी. पण काय वाचून राह्यलीस ते तुला माहीत पाहिजे, म्हणून सांगितलं."

रविवारी मॅडमची आई दवाखान्यात होती, तरी सोमवारी त्या पहिल्या एसटीनं आल्या. प्रार्थना झाली. भाऊसाहेब ओट्यावर खुर्चीत. हेडसरांनी पूजाचं नाव पुकारलं. ती पुढं आली. कागद तिच्या हातात होता. तिनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम समोर बघत होत्या, झेंड्याच्या खांबाकडं. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. पोरीचा निर्णय पोरीचाच राहावा म्हणून ती बाई किती ताठ उभी होती, हे शेजारी उभ्या असलेल्या मलाच दिसत होतं.

पूजानं कागदाची घडी केली.

"आय रिग्रेट दॅट सर फेल्ट हर्ट," ती म्हणाली. सरांना दुखावल्यासारखं वाटलं याचं मला वाईट वाटतं. मग श्वास घेतला. "आय डू नॉट अपॉलॉजाइज. द टॉयलेट वॉज लॉक्ड."

अर्ध्याहून जास्त शाळेला वाक्य कळलं नसेल. पण दहावीच्या पोरींना शब्दन्‌शब्द कळला. प्रार्थनेनंतर हेडसर रोज म्हणायचे तसं म्हणाले, "खाली बसा." पोरं बसली. दहावीच्या पोरी उभ्या राहिल्या. हेडसर पुन्हा म्हणाले, बसा. मग नववीच्या पोरी, ज्या बसल्या होत्या, त्या उठल्या. मग आठवीच्या. घोषणा नाही, टाळ्या नाहीत, नुसत्या उभ्या. उन्हं चढत होती. भाऊसाहेब खुर्चीतून उठले आणि गाडीकडं चालू लागले. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मॅडम पहिल्यांदा बोलल्या, "वर्गात चला." आणि पोरी रांगेनं वर्गात गेल्या.

अधिकाऱ्यांनी भेटीच्या अहवालात कुलपाची नोंद केली आहे, असं दोन दिवसांत कळलं. कुलूप निघालं आणि पुन्हा लागलं नाही. पूजाला दाखला द्यायची भाषा कुणी परत काढली नाही. ती आता जालन्यात एका दवाखान्यात नर्स आहे. ग्रुपवर बातमी आली त्या संध्याकाळी तिचाच फोन आला होता.

मॅडमचा हिशेब मात्र सत्र संपता संपता झाला. संस्थेची एक लहान शाळा परतूरकडच्या एका खेड्यात होती, तिथं बदलीचा हुकूम आला. जालन्याहून जायला सरळ बस नाही, मध्ये बदलावी लागे, पुढचा रस्ता पायी. आम्ही म्हटलं, मॅडम, दाद मागा, आम्ही सह्या देतो. त्यांनी हुकूम वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

"ह्यात ट्रान्सफर लिहिलंय. मनात पनिशमेंट आहे, पण तो शब्द लिहायची हिंमत झाली न्हाई. राहू द्या. तिथं पण पोरी असतीलच की."

निरोप समारंभ त्यांनी घेतला नाही. शेवटच्या दिवशी शेवटचा तास घेतला, तो पत्र्याच्या शेडमध्येच. मे महिना तोंडावर आलेला. घंटा झाली, हातावरचा खडू झटकला, आणि बूट वाजवत फाटकाबाहेर गेल्या. आई पुढच्या वर्षी वारली. त्या जुन्या जालन्यातल्या त्याच घरी एकट्या राहिल्या, आणि त्या खेड्यातल्या शाळेतूनच निवृत्त व्हायच्या होत्या. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले असताना तापाचं निमित्त झालं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. एका लग्नासाठी परतूरकडं मोटारसायकलवर निघालो होतो. वाटेत ते गाव लागतं. नदीपात्रातून वाळू भरून येणारे टिप्पर त्या रस्त्यावर बेफाम पळतात, रस्ता त्यांनीच उखडलेला. शाळा रस्त्याच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. शाळा नुकतीच सुटली होती. दुरून मला दिसलं, रस्त्याच्या मधोमध साळवे मॅडम उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. समोर भरलेला टिप्पर, मागं आणखी एक. पहिल्याचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हॉर्न दाबत होता आणि काहीबाही ओरडत होता. मॅडमनी हात नुसता आडवा धरला होता, त्याच्याकडं बघतही नव्हत्या. त्यांच्या पाठीमागून पोरी रस्ता ओलांडत होत्या. लहान होत्या, दप्तरं पाठीपेक्षा मोठी. एकीची चप्पल मध्येच निघाली. ती घालायला ती थांबली, पट्टा अडकेना, ती खाली बसली. हॉर्न वाढला. पोरगी घाबरून वर बघायला लागली.

"सावकाश घाल," मॅडम म्हणाल्या. "कुठं जात न्हाई तो."

मी गाडी बंद करून उभा होतो. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. पोरीनं पट्टा लावला, उठली, पलीकडं गेली. तिच्या मागं दोघी राहिल्या होत्या, त्याही गेल्या. मग रस्ता मोकळा झाला. तरी मॅडम लगेच बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी शाळेच्या फाटकाकडं वळून बघितलं, कुणी मागं राहिलंय का म्हणून.